खर्ज आणि खर्च

"बाबा, यात बेसच नाही!"

दिवाळीच्या खरेदीची यादी करायला आम्ही बसलो होतो. चिरंजीवांनी कानांतल्या बोंडांची तार काढून आमच्यापुढे टाकली. मागच्याच वर्षी साडेपाचशे रुपयांना घेतलेला तो इअरफोन. आता म्हणे दोन हजारांचा हवा! आपण ज्याला खर्ज म्हणतो त्यालाच ही मंडळी बेस म्हणतात, एवढे आम्हांला ठाऊक होते. पण खर्जासाठी एवढा खर्च करावा की नाही, हे ठरवायचे कसे?

"ऐकून पाहा की दोन्ही," सौभाग्यवतींनी तोडगा काढला. झाले! भाचीचा दोन हजारांचा, शेजारच्या नानांचा नऊशेचा आणि चिरंजीवांचा असे तीन उमेदवार, रबरी टोप्या पुसूनपासून, परीक्षेला बसले.

खोक्यांवर तिघांचेही प्रशस्तिपत्रक एकच : '२० ते २०,००० हर्ट्झ'. माणसाच्या कानाची मर्यादाही साधारण तेवढीच. पण त्यांतला कोणता स्वर किती जोराने ऐकू येईल, याची वाच्यता कोठेही नाही. खाणावळीच्या पाटीवर नुसते 'जेवण मिळेल' लिहावे, तसलाच हा प्रकार.

परीक्षक म्हणून आम्ही तंबोरा आणि तबला नेमले. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यातून हा मूळ स्वर जवळजवळ निघतच नाही. वरच्या उपस्वरांवरून आपला मेंदूच तो जुळवून घेतो. इअरफोनात मात्र तो खरोखर उमटला पाहिजे.

पहिल्या फेरीत दोन हजारांनी बाजी मारली. चिरंजीव विजयी मुद्रेने पाहू लागले. तेवढ्यात भाची म्हणाली, "पण मामा, याचा आवाजच मोठा आहे!"

पोरगी हुशार. हळू आवाजात आपला कान खर्जाला जरा बहिराच असतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच मोजून दाखविले. आवाज वाढविला की खर्ज आपोआप भरदार वाटतो. म्हणून तिघांचा आवाज सारखा लावून दुसरी फेरी घेतली. आता नानांच्या इअरफोनात डग्गा असा काही घुमू लागला, की गायिकेचे शब्द त्याखाली दबून गेले. दांडगा खर्ज वरच्या स्वरांना झाकून टाकतो. बेस पुष्कळ असणे निराळे, चांगला असणे निराळे!

राहता राहिले आमचे साडेपाचशे. ते चिरंजीवांच्या कानांत सैल बसलेले दिसले. खोक्यात तीन मापांच्या टोप्या होत्या. दोन मापांच्या तर पिशवीतून बाहेरही निघाल्या नव्हत्या. मोठ्या मापाच्या चढविल्या मात्र, चिरंजीव ओरडले, "बाबा, डग्गा आला!"

कारण सरळ आहे. कानाची पोकळी नीट बंद झाली तरच इअरफोनचा पडदा आतली हवा दाबू शकतो. बारीकशी फट राहिली तरी आधी गळतो तो खर्ज. वरचे स्वर तसेच राहतात.

दोन हजार वाचले याचा आनंद झाला. पण मनात चर्र झाले ते निराळ्याच गोष्टीने. हा मुलगा वर्षभर फटीतून गळणारा खर्ज भरून काढायला आवाज वाढवीत होता! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबलचा मात्र अवघे ४ तास. मुलांनी तर ७५ च्या आतच राहावे. अंतःकर्णातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. इअरफोन दुसरा आणता येतो, कान आणता येत नाही.

तेव्हा वाचकहो, नवा इअरफोन घेण्यापूर्वी जुन्याच्या टोप्या बदलून पाहा. बसल्या नीट, तर आवाज दोन पायऱ्या खाली आणा. रस्त्यावर मात्र त्या कानांत नकोत. बाहेरचा भोंगाही ऐकू येत नाही.

आमच्याकडे घरातल्या हाकाही ऐकू येईनाशा झाल्या आहेत. "दळण आण रे," ही तर मुळीच नाही. "चकल्या झाल्या," ही तेवढी पहिल्याच हाकेला पोचते. ती किती हर्ट्झची, हे मोजायचे राहिले आहे.