पैसा खात्यात, हात मात्र रिकामे

फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे चाकणमधील कारखाने २००९ मध्ये सुरू झाले आणि पिंपरी-चिंचवड परिसराचे जर्मनीशी नाते घट्ट झाले. उच्च शिक्षणासाठी तिकडे निघालेल्या मुलांना तेथील बँकांचे रिवाज मात्र अनोळखीच असतात.

व्हिसासाठी खर्चाची तरतूद दाखवण्याचा रूढ मार्ग म्हणजे 'श्पेअरकोंटो', अर्थात गोठवलेले खाते. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षासाठी ११,९०४ युरो भरावे लागतात. महिन्याला मिळतात ते ९९२ युरो. त्यासाठीही सहसा रोजच्या व्यवहारांचे दुसरे खाते तेथे उघडावे लागते. आपल्याकडे अडीअडचणीला मुदत ठेव मोडता येते. तेथे सरकारी परवानगीविना हे खाते मोकळे होत नाही.

खरी कसोटी पहिल्याच महिन्यात लागते. जर्मन कायद्यानुसार घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो. ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. पण नवख्याला तो ठाऊक नसतो. शिवाय विम्याचा हप्ता अनेकदा परस्पर खात्यातून वळता होतो. शिल्लक नसेल तर थकबाकी राहते.

घर तारण ठेवून कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला वाटते, वर्षाची सोय झाली. वस्तुतः हे खाते ऐपत सिद्ध करते; पहिल्या महिन्याची नड भागवत नाही. म्हणूनच कर्जाचा आकडा ठरवतानाच अनामत आणि सुरुवातीचा खर्च वेगळा धरायला हवा. जर्मन भाषेच्या वर्गांतही या व्यवहाराचा एक धडा असणे अगत्याचे आहे.