निरुपयोगी ज्ञान कोणतें?

“हें शिकून पुढें उपयोग काय?” हा प्रश्न पालकांच्या तोंडून शाळेंत वारंवार ऐकूं येतो. ज्या घरीं धानाच्या चार बांध्यांवर वर्षाचा संसार चालतो, त्या घरच्या वडिलांनीं मुलाच्या शिक्षणाचा हिशेब मागितला तर त्यांत वावगें कांहींच नाहीं; तो त्यांचा हक्कच आहे. परंतु या प्रश्नाच्या पोटीं पुष्कळदां एक समजूत दडलेली असते, ती मात्र आम्हांस मान्य नाहीं. ज्या ज्ञानाचा उपयोग आज डोळ्यांस दिसत नाहीं तें निरुपयोगी, अशी ती समजूत होय. ती किती फोल आहे हें दाखविण्यासाठीं दूरदेशीं जाण्याचें कारण नाहीं. आमच्या नागपूर विभागांतलेंच एक उदाहरण पुरेसें आहे, आणि तें लहान मुलांच्या जीविताशीं निगडित असल्यामुळें प्रत्येक मातापित्यानें ऐकण्यासारखें आहे.

कोविडच्या सांथीपासून, म्हणजे २०२० सालापासून, विषाणु हा शब्द लहान मुलांच्याहि तोंडीं बसला आहे. परंतु विषाणु म्हणजे काय, हें नीट सांगतां येणारे थोडेच आढळतात. जीवाणु हा एकाच पेशीचा असला तरी स्वतंत्र जीव आहे. तो अन्न घेतो, वाढतो आणि एकाचे दोन होतो. विषाणूला ना घर, ना चूल. वंशाचा लेख असलेला एक सूक्ष्म धागा आणि त्याभोंवतीं प्रथिनांचें वेष्टन, एवढाच त्याचा पसारा. दुसऱ्याच्या जिवंत पेशींत शिरावें, तिचीच सामग्री वापरून आपल्या शेंकडों प्रती करवून घ्याव्या, आणि मग बाहेर पडून दुसरी पेशी गांठावी, हा त्याचा क्रम. ज्या प्रतिजैविक औषधांनीं जीवाणु मरतात त्यांचा विषाणूवर परिणाम होत नाहीं, याचें कारणहि हेंच. जी यंत्रसामग्री तीं औषधें मोडतात, ती विषाणूजवळ मुळीं नसतेच.

या विषाणूंच्या तडाख्यांतून सुटलेली जीवजाति क्वचितच सांपडेल. माणसाला पूर्वीं देवी आणि आजहि गोवर व कांजिण्या, गुरांना लाळ्या-खुरकूत, कुत्र्याला व त्याच्या दंशानें माणसाला पिसाळरोग, हीं सर्व विषाणूंचींच कृत्यें. आमच्या जिल्ह्यांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर जे कोशाचे किडे पाळतात त्यांनाहि विषाणुरोग जडतो, आणि हाताशीं आलेलें पीक जातें. डिसेंबर २०२४ मध्यें नागपूरच्या गोरेवाडा येथें तीन वाघ व एक बिबट्या दगावले, ते पक्ष्यांच्या फ्लूच्या विषाणूनें. फार काय, ज्यांस आपण रोगजंतु म्हणून भितों त्या जीवाणूंच्याहि पाठीस त्यांचे स्वतःचे विषाणु लागलेले असतात. त्यांची हकीकत पुढें येईल.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. १९५२ सालीं भारतीय वैद्यक संशोधन परिषद व अमेरिकेंतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्यानें पुणें येथें विषाणु-संशोधन केंद्र स्थापन झालें. १९७८ पासून तें राष्ट्रीय विषाणु-विज्ञान संस्था या नांवानें ओळखलें जातें. १९६५ सालीं नागपूर भागांत तापाची सांथ आली असतां या केंद्राच्या संशोधकांनीं रुग्णांचें रक्त तपासावयास नेलें. त्यांपैकीं दोघांच्या रक्तांत एक असा विषाणु आढळला कीं, जो तोंपर्यंत शास्त्रास ठाऊकच नव्हता. नागपूरकडील चांदीपुरा या गांवावरून त्यास ‘चांदीपुरा विषाणु’ हें नांव मिळालें. १९६७ सालीं भट्ट व रॉड्रिग्ज या संशोधकांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें महाराष्ट्रांतच वाळूमाशीच्या अंगांतहि तो सांपडला. त्याचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा. पिसाळरोगाचा विषाणूहि याच कुळांतला. त्याचा वंशलेख अवघा सुमारें अकरा हजार अक्षरांचा असून त्यांत पांचच प्रथिनें घडविण्याची सूचना आहे.

त्या वेळीं या शोधाची वाहवा झाली नाहीं. साधा ताप आणणारा एक विषाणु सांपडला, नोंद झाली, नमुना थंड पेटींत ठेवला गेला. “याचा उपयोग काय?” असें त्या वेळीं कोणीं विचारलें असतें, तर त्या संशोधकांजवळ दाखविण्यासारखें उत्तर नव्हतें.

उत्तर मिळावयास ३८ वर्षें लागलीं. जून ते ऑगस्ट २००३ या तीन महिन्यांत त्या वेळच्या आंध्र प्रदेशांत ३२९ मुलें मेंदूच्या तापानें आजारी पडलीं आणि त्यांतील १८३ दगावलीं. एकाएकीं जोराचा ताप, वांत्या, आंकडी, बेशुद्धि, आणि पुष्कळांच्या बाबतींत एक-दोन दिवसांतच अखेर. कारण ठाऊक नसलेल्या अशा रोगापुढें वैद्यहि हतबल होतो. परंतु पुण्याच्या संस्थेंत नमुने पोंचले, इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखालीं गोळीच्या आकाराचा विषाणु दिसला, आणि जुन्या चांदीपुरा विषाणूशीं ताडून पाहतां ओळख पटली. शत्रु अनोळखी नव्हता. त्याचें नांव-गांव दप्तरीं नोंदलेलें होतें, आणि तो वाळूमाशीच्या अंगीं असतो हेंहि माहीत होतें. चार वर्षांनीं, २००७ सालीं, त्यानें आमच्या नागपूर विभागांतील मुलांना गांठलें. २०२४ सालीं जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशांत, मुख्यतः गुजराथेंत, मेंदुज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले व ८२ मृत्यु झाले. ६४ रुग्णांमध्यें चांदीपुरा विषाणूच कारण असल्याचें सिद्ध झालें.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, १९६५ चें तें ‘निरुपयोगी’ ज्ञान नसतें, तर २००३ सालीं शोधाचा आरंभ शून्यापासून करावा लागला असता, आणि त्या अवधींत सरकारी अधिकाऱ्यांनीं कशावर फवारणी करावी व आईबापांनीं कशापासून मुलांस जपावें, हें कोणासच सांगतां आलें नसतें. शेतकरी बियाणें कणगींत ठेवतो तें त्या दिवशीं खाण्यासाठीं नव्हे. ज्ञानाचेंहि तसेंच आहे.

कोणी म्हणेल, एका उदाहरणावरून नियम कसा बांधावा? म्हणून आणखी दोन सांगतों. २०२२ सालीं लंपी रोगानें महाराष्ट्रांतील गाईबैलांच्या अंगावर गांठी उठूं लागल्या, आणि ज्याच्या दावणीस एकच बैलजोडी त्याच्या तोंडचें पाणी पळालें. त्या वेळीं आमच्या राज्यांत गुरांना कोणती लस टोचली गेली? शेळ्यांच्या देवीची. लंपीचा विषाणु आणि शेळ्यांच्या देवीचा विषाणु हे जवळचे भाऊबंद आहेत, हें ज्ञान अगोदर झालेलें होतें. म्हणून एका जनावराची लस दुसऱ्याच्या उपयोगीं पडली. शेळ्यांच्या आजाराचा अभ्यास करणाऱ्यांनीं गाईंचे प्राण वांचविण्याचा बेत कांहीं केला नव्हता.

दुसरें उदाहरण जीवाणूंच्या विषाणूंचें. १८९६ सालीं आग्रा येथें काम करणाऱ्या हॅन्किन नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें लिहून ठेवलें कीं, गंगा-यमुनेच्या पाण्यांत पटकीचे जीवाणु मरतात. परंतु तेंच पाणी उकळल्यास ती शक्ति नाहींशी होते. कारण त्यास उमगलें नाहीं. पुढें १९१५ सालीं इंग्लंडांत ट्वॉर्ट यांना व १९१७ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत द’हेरेल यांना जीवाणूंचा नाश करणारे विषाणु आढळले. द’हेरेल यांनीं त्यांना ‘बॅक्टेरियोफाज’ म्हणजे जीवाणुभक्षक हें नांव दिलें, आणि १९२७ सालीं हिंदुस्थानांत येऊन पंजाबांत पटकीच्या रोग्यांवर त्यांचा प्रयोगहि केला. हॅन्किननें पाहिलेला चमत्कार या भक्षकांचाच असावा, असें पुष्कळांचें मत आहे. (यावरून वैनगंगेचें पाणी न उकळतां प्यावें, असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये!) पेनिसिलिनचा प्रसार झाल्यावर बहुतेक जग ही विद्या विसरलें, जॉर्जिया देशांत तिबिलिसी येथें १९२३ सालीं निघालेल्या संस्थेनें ती जिवंत ठेविली. आज जीवाणु एकेका औषधास दाद देईनासे झाले असतां वैद्यांस तिची पुन्हां आठवण झाली आहे. २०१६ सालीं अमेरिकेंत सॅन डिएगो येथें, सर्व औषधें हरल्यावर मरणोन्मुख झालेला एक प्राध्यापक याच भक्षक विषाणूंच्या उपचारानें वांचला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांस खरा वाटतो. १९६५ पासून विषाणु ठाऊक होता, तर आजपर्यंत त्यावर लस कां नाहीं? पुण्यास उंदरांवर लसीचे प्रयोग झाले आहेत. परंतु मुलाच्या दंडावर टोचण्याजोगी लस अद्याप नाहीं, आणि त्या विषाणूवर नेमकें औषधहि नाहीं. आमच्या मतें याचें एक कारण असें कीं, हा रोग बहुधा खेड्यांतील गरिबांच्या मातीच्या घरांत येतो आणि पावसाळा सरला कीं लोकांच्या स्मरणांतून जातो. ज्ञान मिळविणें हें अर्धें काम. तें गरजवंताच्या दारापर्यंत पोंचविणें हें दुसरें अर्धें. शुभवर्तमानांत एका चाकराचा दृष्टांत आहे. धन्यानें विश्वासानें दिलेलें द्रव्य त्यानें जमिनींत पुरून ठेविलें. त्यानें तें उधळलें नाहीं, चोरलें नाहीं. तरी तो दोषी ठरला. पेटींत पडून राहिलेल्या ज्ञानाविषयीं आम्हां सुशिक्षितांस तोच दोष लागूं शकतो.

लस येईल तेव्हां येईल. तोंपर्यंत आपल्या हातीं कांहींच नाहीं असें मात्र नाहीं. वाळूमाशी डासाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाएवढी, उड्या घेत उडणारी व फार उंच न जाणारी असते. भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत ती दिवसा दडते व संध्याकाळपासून चावूं लागते. तिच्या अळ्या डासांप्रमाणें पाण्यांत वाढत नाहींत. ओलसर माती, शेण व कुजका पालापाचोळा यांत त्या वाढतात. म्हणून पावसाळ्यापूर्वीं भिंतींच्या भेगा लिंपून टाकाव्या. उकिरडा घरापासून दूर हालवावा. निजण्याची जागा गोठ्याला लागून नसावी. मुलांस अंगभर कपडे घालून बारीक छिद्रांच्या मच्छरदाणींत निजवावें, कारण साध्या जाळींतून ही माशी आंत शिरते. फवारणी करणारे कर्मचारी दारीं आले तर त्यांस परत लावूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें असें कीं, तापाबरोबर मुलास वांत्या, आंकडी किंवा गुंगी येऊं लागली तर कांदा हुंगविण्यांत अथवा मांत्रिकाची वाट पाहण्यांत एक घटकाहि दवडूं नये; थेट रुग्णालय गांठावें. नेमकें औषध नसलें तरी आंकडी थांबविणें, मेंदूची सूज उतरविणें व श्वासास आधार देणें हें तेथें होऊं शकतें, आणि त्यानें मुलें वांचतात. शेजारच्या घरीं असा प्रसंग आला व त्यांच्याजवळ वाहन नसलें, तर जात, धर्म वा जुनें भांडण न आठवतां आपली गाडी काढावी. शोमरोनी मनुष्याची गोष्ट आपण मुलांस शिकवितों ती याचसाठीं.

पालकांस आणखी एक विनंति. साध्या सर्दीतापांत “कडक औषध द्या” म्हणून वैद्याच्या मागें लागूं नये. विषाणूच्या तापांत प्रतिजैविक गोळ्या निरर्थक तर असतातच. शिवाय अवेळीं व अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनीं जीवाणु अधिक चिवट होतात, आणि खऱ्या गरजेच्या दिवशीं तेंच औषध हात टेकतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं सर्वच संशोधक होणार नाहींत. परंतु वर्गांत पेशीची आकृति काढतांना किंवा माशीचे पंख मोजतांना “हें परीक्षेंत येईल काय?” एवढाच प्रश्न मनांत आणूं नका. नागपूरकडील दोन तापकऱ्यांच्या रक्तांत काय आहे, हें कोणींतरी कंटाळा न करितां पाहिलें, नीट लिहिलें आणि जपून ठेविलें. त्या चिकाटीचें फळ ज्यांस लाभलें तीं मुलें तेव्हां जन्मलींहि नव्हतीं. आमच्या जिल्ह्याच्या नांवांतच भांडाराचा ध्वनि आहे. त्या भांडारांत तुम्हीहि आपल्या वांट्याची भर घाला, आणि जें शिकाल तें येत्या उन्हाळ्याच्या सुट्टींत प्रथम आपल्या घरच्या भिंतीच्या भेगेपाशीं उपयोगांत आणा. निरुपयोगी ज्ञान कोणतें, असें आम्हांस कोणीं विचारलें तर आम्ही एवढेंच सांगूं: जें मिळवून कोणास सांगितलें नाहीं, तें.