डोंगरातील दारिद्र्य : दोष माणसांचा की मालकीचा?




आपण ज्या अमेरिकेत येऊन स्थायिक झालो, त्या देशाच्या पूर्वेस न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागापासून मिसिसिपीच्या उत्तर भागापर्यंत ॲपलेशिया नावाचा डोंगराळ मुलूख पसरला आहे. या मुलखाच्या पोटात कोळसा आहे आणि अंगावर दाट जंगल आहे. तरीही पूर्व केंटकी व दक्षिण वेस्ट व्हर्जिनियातील खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्य ठाण मांडून बसले आहे. भारतातून आलेल्या अनेक डॉक्टरांनी या खोऱ्यांतील लहान रुग्णालयांत उमेदीची वर्षे घालविली, कारण तेथे जावयास येथलेच डॉक्टर तयार नव्हते. हा मुलूख म्हणूनच आपल्याला अगदी परका नाही.

या डोंगरी लोकांविषयी आपल्या घरच्या जेवणावळीतही एक शेरा वारंवार ऐकू येतो : "ही माणसे आळशी, व्यसनी, शिकायला नकोत, सरकारी मदतीवर जगतात." हा शेरा आपल्या वाडवडिलांनी गावच्या पारावरून स्वतःविषयी ऐकला होता. तो ऐकत आलेल्या समाजाने दुसऱ्याविषयी तो उच्चारण्यापूर्वी रोगाचे निदान तपासून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

निदानाचा आरंभ जमिनीपासून करावा लागतो. या डोंगरांच्या दक्षिण भागातील चेरोकी लोकांना १८३८ साली सैन्याच्या बळावर हुसकावून लावण्यात आले. जे गोरे शेतकरी या डोंगरांत आले, त्यांच्या पायाखालची संपत्ती पुढे दोन पिढ्यांत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंपन्यांचे दलाल केंटकीच्या खोऱ्यांत हिंडू लागले. एकरी अर्ध्या डॉलरपासून काही डॉलरपर्यंत मोबदला देऊन त्यांनी खनिजाचे हक्क लिहून घेतले. अनेकांनी त्या खतांवर केवळ फुलीची निशाणी केली. जमीन आणि तिचा कर शेतकऱ्याकडे राहिला. कोळसा, आणि तो काढण्यासाठी जे करावे लागेल ते करण्याचा अधिकार कंपनीकडे गेला.

पुढे अवाढव्य यंत्रे आली आणि बोगदा खणण्याऐवजी डोंगरच वरून सोलून काढण्याची पद्धत रूढ झाली. घोड्यांच्या जमान्यात केलेल्या खतांच्या आधारे न्यायालयांनी त्यास मान्यता दिली. १९६५ च्या नोव्हेंबरात नॉट कौंटीतील ऑली कोम्ब्स ही विधवा आपल्या घरावरच्या उतारावर बुलडोझरसमोर बसली, तेव्हा पोलिसांनी तिला उचलून नेऊन तुरुंगात टाकले. जमीनमालकाच्या संमतीविना असे खोदकाम करू नये, ही तरतूद केंटकीच्या मतदारांनी राज्यघटनेत घातली ती १९८८ साली, म्हणजे बरेच डोंगर सोलून झाल्यावर.

दुसरे कारण कराचे. अमेरिकेत गावची शाळा मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ताकरावर चालते. १९७८ साली केंटकीच्या विधिमंडळाने जमिनीतील न काढलेल्या कोळशावरचा कर शंभर डॉलर मूल्यामागे सेंटच्या एक दशांशाइतका खाली आणला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९८८ साली घटनाबाह्य ठरविला. तोवर शाळेच्या छपरातून पाणी गळत राहिले. १९८१ साली पुऱ्या झालेल्या एका पाहणीत गावकऱ्यांनी व अभ्यासकांनी मिळून ६ राज्यांतील ८० कौंट्यांची जमीनदप्तरे तपासली. खनिजाचे बहुतेक मालक बाहेरचे, आणि त्यांचा कर नाममात्र, असेच चित्र दिसले. ज्या मुलाची शाळा अशी उपाशी ठेवली, त्याला "शिकायला नको" म्हणणे हा कोणता न्याय?

तिसरे कारण शरीराचे. आम्हां डॉक्टरांचा त्याच्याशी रोजचा संबंध. खाणकामगाराची मिळकत म्हणजे त्याची फुप्फुसे. कोळशाच्या धुळीने ती काळी पडून निकामी होतात, हे मान्य करावयास कंपन्यांनी अनेक दशके घेतली. १९६९ साली वेस्ट व्हर्जिनियातील ४०,००० हून अधिक कामगार संपावर गेले, काही डॉक्टर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे भरपाईचा कायदा झाला. रोग संपला असे वाटत असताना २०१८ साली व्हर्जिनियातील ३ दवाखान्यांतून त्याच्या सर्वांत गंभीर अवस्थेचे ४१६ रुग्ण नोंदविले गेले. कोळशाचे जाड थर संपले, आता पातळ थरांबरोबर खडकही फोडावा लागतो, आणि त्या खडकाची धूळ अधिक घातक असते. १९९६ पासून अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्यांचा जोरदार प्रचार झाला. मोडलेल्या पाठींच्या या मुलखात व्यसन दवाखान्याच्या वाटेने शिरले.

दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी व चोरीतून हिंसा जन्मते. क्रम ध्यानात घ्यावा : आधी दारिद्र्य, मग दुर्गुण. आपण मात्र तो उलटा लावून मोकळे होतो.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन मार्टिन कौंटीतील आयनेझ या गावी गेले आणि दारिद्र्याविरुद्धच्या युद्धाचे ते चित्र जगभर गेले. १९६५ साली या प्रदेशासाठी स्वतंत्र आयोग स्थापन झाला. रस्ते, नळ, दवाखाने आले. १९६० साली सुमारे ३१ टक्के असलेले दारिद्र्य आज पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरले आहे. परंतु केंटकीच्या डोंगरी भागात ते अद्याप पाव लोकसंख्येच्या जवळपास आहे. मलमपट्टी झाली, मालकी मात्र तशीच राहिली. पूर्व केंटकीतील कोळशाच्या नोकऱ्या २०११ मधील तेरा हजारांवरून २०१६ अखेर चार हजारांच्या खाली आल्या, तेव्हा उत्पन्नाचे दुसरे साधन गावाच्या हाती नव्हते.

कोणी म्हणेल, दोष डोंगराचाच. सपाट जमीन नाही, वाट नाही. अडचण खरी आहे. परंतु स्वित्झर्लंडही डोंगरच आहे. तेथे पाण्यापासून वीज करणाऱ्या कंपन्यांना त्या पाण्याचे शुल्क डोंगरी प्रांतांना व गावांना द्यावे लागते. त्या देशाच्या समृद्धीची कारणे अनेक आहेत. पण डोंगराच्या उत्पन्नातला वाटा डोंगरात ठेवता येतो, एवढे यातून निश्चित सिद्ध होते.

आपल्या कोकणाची कथा आठवावी. सह्याद्रीच्या पायथ्याशी रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत खोत हा सरकार व कुळ यांच्यामध्ये बसला होता. नाचणी पिकवावी कुळाने, वाटा न्यावा खोताने, वर वेठही त्याचीच. कोकणी माणूस मुंबईच्या गिरणीत गेला आणि मागचे घर मनीऑर्डरीवर जगले. तसेच १९४० ते १९७० या काळात सुमारे तीस लाख लोक ॲपलेशिया सोडून डेट्रॉईट, सिनसिनाटीसारख्या शहरांच्या वाटेला लागले. त्या गोऱ्या खाणकामगाराला अस्पृश्यता भोगावी लागली नाही, हा भेद आम्ही विसरत नाही. पण लुटीची रीत ओळखीची आहे. बाबासाहेबांनी कोकणी कुळाला उद्योगी होण्याचा उपदेश करून प्रश्न सोडविला नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. कायदा झाला १९४९ साली. त्यांचे निदान मालकीचे होते, म्हणून औषधही मालकीचे होते.

यातून आपण काय घ्यावे? आपली मुले या देशात सुखवस्तू घरांत वाढत आहेत. गरिबाकडे पाहून 'याच्यात काय खोट आहे' असे विचारावयास भोवतालचे जग त्यांना शिकवीत असते. 'याच्या पायाखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि तिचे उत्पन्न कोठे जाते' हे विचारावयास त्यांना आपणच शिकविले पाहिजे. मायदेशी वह्या-पुस्तके, शिष्यवृत्त्या अवश्य पाठवाव्यात; आणि त्याच गावी गेल्यावर आपल्या माणसांच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, हेही पाहावे. ते नाव दुसऱ्याचे असेल, तर वकिलाची फी ही शाळेच्या फीइतकीच मोलाची मदत आहे.

आणि पुढील मेळाव्यात जेवणाच्या पंक्तीत कोणी त्या डोंगरी लोकांना आळशी म्हणाले, तर तेथे गप्प बसू नये, एवढीच आमची विनंती.