रक्त दिलं, कागद कुठे?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर रक्त तपासायला येणाऱ्यांची ये-जा आता कुणाला नवी राहिलेली नाही. कधी हिमोग्लोबिन, कधी हिवताप, कधी सिकलसेल, तर कधी कुठल्या तरी संस्थेचा ‘सर्वे’. आशाताई आदल्या दिवशी सांगून जाते. बायका अंगणवाडीपुढे जमतात, बोट पुढे करतात, कागदावर अंगठा उठवतात आणि पुन्हा कामाला लागतात. ते रक्त कशासाठी घेतलं, कुठे गेलं, त्यातून काय निघालं, हे विचारणारी बाई विरळाच. आणि मैत्रिणींनो, गावात राहणाऱ्या आपण शिकल्यासवरलेल्या तरी कुठे विचारतो? लॅबमध्ये रक्त देतो, पैसे भरतो, रिपोर्ट पिशवीत टाकतो. उरलेल्या रक्ताचं पुढे काय होतं, हा प्रश्न आपल्याही मनात येत नाही.

म्हणून आधी एक साधा फरक समजून घेऊ. रक्त तीन कारणांनी घेतलं जातं. पहिलं, तुम्ही आजारी आहात म्हणून, उपचारासाठी. दुसरं, सरकारी मोहीम आहे म्हणून. आजार लपलेला असेल तर तो लवकर कळावा यासाठी. आणि तिसरं, संशोधनासाठी. म्हणजे तुमच्या रक्तावरून एकूण आजाराबद्दल काही शिकता यावं यासाठी. सुई तीच, बाटली तीच, पण कारण वेगळं. आणि कारण वेगळं असलं की देणाऱ्याचा हक्कही वेगळा असतो. गोंधळ होतो तो इथेच. रांगेतल्या बाईला तिन्ही एकच वाटतात. ‘डॉक्टरांनी सांगितलं’ म्हणून ती हात पुढे करते.

आता कुणी म्हणेल, मग रक्त द्यायचंच नाही का? तसं मुळीच नाही. रुग्णांच्या नमुन्यांवाचून वैद्यकशास्त्र एक पाऊलही पुढे गेलं नसतं. जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जाणारा दुर्मीळ रक्तगट डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत शोधला. कुणाच्याच रक्ताशी जुळत नाही असं रक्त समोर आलं, आणि त्यांनी ते बाजूला न टाकता तपासत नेलं. आज त्या गटाच्या माणसाला चुकीचं रक्त चढत नाही, याचं श्रेय त्या पहिल्या नमुन्यांना आहे.

आपल्याकडे तर संशोधनाची गरज जास्तच आहे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा, कातकरी या समाजांतले आजार मुंबई-पुण्याच्या पेशंटवरून कसे कळणार? म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणूला आहे. परळची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था त्याला मार्गदर्शन करते. संशोधन आपल्या दारात आलं, ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की दारातून जे नेलं जातं, त्याच्या बदल्यात दारात परत काय येतं?

सिकलसेलचंच उदाहरण घेऊ. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागातल्या चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असं उद्दिष्ट ठरलं. काम मोठं आहे आणि झालंही झपाट्याने. सरकारनेच दिलेल्या आकड्यांनुसार जुलै २०२५ पर्यंत ६ कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली. २ लाखांहून अधिक रुग्ण आणि १६ लाखांहून अधिक वाहक सापडले. पण त्याच माहितीत आणखी एक आकडा होता. लोकांच्या हातात पडलेली कार्डं होती सुमारे २ कोटी ६० लाख. म्हणजे सुई टोचली गेली सहा कोटींना, आणि ‘तुझ्या रक्तात काय आहे’ हे सांगणारं कार्ड पोचलं त्यातल्या निम्म्यांनाही नाही.

हे असं का होतं? आपल्या भागात राहणाऱ्याला कारणं सांगावी लागत नाहीत. सिकलसेलची पहिली तपासणी जागच्या जागी होते. त्यात अनेकदा दोष आहे की नाही एवढंच कळतं. माणूस नुसता वाहक आहे की खरा रुग्ण, हे पक्कं कळायला रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. ते जातं, तपासलं जातं, कागद तयार होतो. तोवर इकडे भातकापणी उरकून, दिवाळी करून माणसं जगायला गेलेली असतात. कुणी वसई-भिवंडीच्या वीटभट्टीवर, कुणी रेतीवर, कुणी बोटीवर. कागद येतो तेव्हा घराला कडी असते. काही पाड्यांत एकाच नावाच्या चार बायका, आडनावही तेच. कार्ड कुणाचं, हे ठरवता ठरवता ते फायलीतच राहतं.

तलासरीकडची एक ओळखीची बाई गरोदर असताना मला म्हणाली होती, “ताई, रगत नेला, पन कोन सांगाया आला नाय.” एका शिबिरात तिचं रक्त घेतलं होतं. वर्ष उलटून गेलं. आता गरोदरपणात पुन्हा तीच तपासणी झाली आणि ती वाहक असल्याचं कळलं. तेही पाचव्या महिन्यात. शिबिर कुणाचं होतं, ते तिला सांगता येईना. तिच्याकडे एक चिठ्ठीसुद्धा नव्हती.

हा उशीर किती महाग पडतो, बघा. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. दोघं स्वतः ठणठणीत असतात, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. हे आधी ठाऊक असेल तर नवऱ्याचीही तपासणी वेळेत होते, डॉक्टरांचा सल्ला वेळेत मिळतो. आणि जी स्वतः रुग्ण आहे, तिचं काय? सांधे धरतात, हाडं ठणकतात, थकवा येतो, आणि घरचे म्हणतात कामचुकार आहे. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्यांवर गोळ्या दिल्या जातात, पण मूळ दुखणं वेगळंच असतं. हायड्रॉक्सियुरियासारखं औषध आज उपलब्ध आहे, पण ते डॉक्टरांनी द्यायचं, तर आधी आजाराचं नाव तरी कळायला हवं ना!

कागद पोचण्याइतकंच महत्त्वाचं आहे, तो कुणाच्या हातात पोचतो हे. चार बायकांसमोर ‘तुझ्यात सिकलसेल निघाला’ असं मोठ्याने सांगितलं, की सोयरीक मोडते. सासरी बोल लागतो तो सुनेलाच. खरं तर सिकलसेलचं मूल जन्माला येतं, तेव्हा दोष आई आणि बाप दोघांकडूनही आलेला असतो. तो एकट्या आईकडून येऊच शकत नाही. हे एक वाक्य प्रत्येक पाड्यावर सांगितलं गेलं, तरी किती तरी जणींचा छळ वाचेल.

संशोधनातून बायकांचं भलं कसं होतं आणि त्याची किंमत काय असते, हे आपल्याच महाराष्ट्रात दिसलेलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका त्यात होत्या. गावांचे चार गट केले. तीन गटांतल्या बायकांची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी केली, चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे या बायकांमुळे जगाला कळलं. जागतिक आरोग्य संघटना आज हीच तपासणी आधी करा असं सांगते, त्यामागे मराठवाड्यातल्या या बायकाही आहेत.

पण त्या चौथ्या गटाचं काय? या अभ्यासावर आणि मुंबईतल्या अशाच एका अभ्यासावर पुढे टीका झाली. तपासणीचा उपयोग होतो हे जगात माहीत असताना एका गटाला तिच्यापासून दूर का ठेवलं, असं टीकाकारांचं म्हणणं. खेड्यांत तेव्हा तपासणीची सोयच नव्हती, त्यामुळे आम्ही त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही, असं संशोधकांचं उत्तर. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला मात्र वाटतं, की आपण कुठल्या गटात आहोत आणि त्याचा अर्थ काय, हे त्या प्रत्येक बाईला तिच्या भाषेत उमगलं होतं का, हा खरा प्रश्न आहे.

न सांगता नमुना भलत्याच कामाला वापरला, तर काय होतं? अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात हवासुपाय नावाचे आदिवासी आहेत. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून तिथल्या एका विद्यापीठाने त्यावर उपाय शोधायचा म्हणून त्यांचं रक्त घेतलं. पुढे त्याच रक्तावर मानसिक आजाराचा अभ्यास झाला, आपसातल्या लग्नांचा झाला, त्यांचे पूर्वज कुठून आले याचाही झाला. हे कळल्यावर ते लोक कोर्टात गेले. २०१० साली तडजोड झाली. ७ लाख डॉलर मिळाले, आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे उरलेलं रक्त त्यांना परत मिळालं.

ते दूर अमेरिकेत, असं म्हणून सोडून देऊ नका. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या बडोदा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस देऊन एक अभ्यास सुरू झाला. त्यात पुष्कळ मुली आदिवासी होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये तो थांबवला गेला. ते मृत्यू लसीमुळे झाले असं चौकशीत दिसलं नाही, आणि ती लस आज जगभर दिली जाते. पण २०१३ साली संसदेच्या समितीने ज्यावर कडक ताशेरे ओढले, ती गोष्ट होती संमतीची. खम्ममला वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वॉर्डनची सही होती. आपल्याकडे आश्रमशाळा आहेत, तिथे आपल्या मुली राहतात. म्हणून हे लक्षात ठेवायचं.

आपल्या देशात यासाठी नियम आहेत, आणि ते चांगले आहेत. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की नमुन्याची मालकी देणाऱ्याची; संस्था फक्त त्याची राखणदार. माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यायची. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही हवी. नाही म्हटलं तरी नेहमीचा उपचार बंद होता कामा नये. मधूनच बाहेर पडायचीही मुभा हवी. दवाखान्यात उपचारासाठी घेतलेल्या रक्तातलं उरलेलं रक्त संशोधनाला वापरायचं, तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. नाव-गाव पुसून टाकलेलं असेल, तर ही समिती देणाऱ्याला न विचारताही परवानगी देऊ शकते. नाव पुसलं की नंतर ‘माझा नमुना परत द्या’ असं म्हणता येत नाही. म्हणूनच विचारायचं ते सुई टोचण्याआधी.

नियम चांगले असून अडतं कुठे? भाषेत. संमतीपत्र मराठीत असतं म्हणजे झालं, असं आपण समजतो. पण ‘जैविक नमुने’, ‘गोपनीयता’ असले शब्द घरात वारली बोलणाऱ्या बाईला परकेच. कागद वाचून दाखवायला दोन मिनिटं लागतात, समजावून सांगायला वीस. ती वीस मिनिटं कुणाकडेच नसतात. रांग वाढत असते, गाडी परत जायची असते.

म्हणून यापुढे आपण चार प्रश्न विचारायला शिकू आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईलाही शिकवू. रक्त उपचारासाठी घेताय की अभ्यासासाठी? उरलेलं रक्त ठेवणार का, आणि पुढे कशाला वापरणार? माझा रिपोर्ट मला कधी आणि कुणाकडून मिळेल? मी नाही म्हटलं तर चालेल ना? विचारलं म्हणून कुणी रागावत नाही. चांगला संशोधक तर उलट खूश होतो. आणि संमतीपत्राची एक प्रत मागून घ्यायचीच. त्यावर संस्थेचं नाव आणि फोन नंबर असतो. पाड्यावरच्या त्या बाईकडे हीच चिठ्ठी असती, तर तिचं एक वर्ष वाया गेलं नसतं.

बाहेरून येणाऱ्यांकडूनही दोन अपेक्षा आहेत. शिबिराची तारीख ठरवताना माणसं जगायला कधी जातात, परत कधी येतात, हे आशाताईला विचारा. होळीला सगळे घरी असतात. कार्डं तेव्हा वाटा, आणि प्रत्येकीला बाजूला घेऊन सांगा. दुसरं, डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पेसा कायद्याखाली येतात. इथे ग्रामसभेला मान आहे. अभ्यास संपला की कुणाचंही नाव न घेता ग्रामसभेत येऊन सांगा, की तुमच्या रक्तातून आम्ही हे शिकलो. इंग्रजी मासिकात छापून आलेला निबंध पाड्यावर कुणी वाचणार नाही.

आपल्याकडे शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, तरी वाटी रिकामी परत करायची पद्धत नाही. या बायकांनी तर रक्त दिलंय. त्यांची वाटी रिकामी परत जाऊ नये, एवढं बघणं आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी तुमच्या गावात शिबिर असेल तेव्हा नुसती व्यवस्था बघायला जाऊ नका. रांगेतल्या बाईशेजारी बसा. मागच्या वेळचं कार्ड मिळालं का, एवढंच विचारा. नाही म्हणाली, तर तिचं नाव, वाडीचं नाव आणि तारीख लिहून घ्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन द्या.