ती वायर कुठे जाते?

पेट्रोल नको, हवा नको, धूर नाही. सिलिंडरात कोंडलेल्या हेलियम, आर्गॉन अशा निष्क्रिय वायूंचा प्लाझ्मा करायचा आणि त्याच्या दणक्याने पिस्टन ढकलायचा. हंगेरीहून अमेरिकेत आलेल्या जोसेफ पॅपच्या या इंजिनाचे गोडवे आजही गायले जातात. गाताना एक वायर तेवढी गाळली जाते.

१९६८ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसजवळ या इंजिनाचे प्रात्यक्षिक झाले. बघ्यांत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. बाहेरची ऊर्जा लागत नाही म्हणता, मग ही वायर भिंतीतल्या प्लगला कशाला, असे त्यांनी विचारले. ती नियंत्रणाच्या उपकरणांसाठी, असे उत्तर मिळाले. फाइनमननी प्लग काढला आणि हातातच धरून ठेवला. इंजिन काही वेळ चालत राहिले, पॅप कासावीस झाला आणि स्फोट झाला. एक माणूस प्राणाला मुकला. बिंग फुटू नये म्हणून केलेला हा उद्योग, असा फाइनमनांचा तर्क. पॅपने मात्र त्यांच्यावरच खापर फोडून ते शिकवत त्या कॅलटेक संस्थेवर दावा ठोकला आणि कॅलटेकने कोर्टाबाहेर तडजोड केली. ही तडजोड करायला नको होती. पुढे १९७२ मध्ये पॅपला पेटंटही मिळाले, आणि भक्तांना आयता पुरावा सापडला. जणू पेटंट कचेरीत इंजिन चालवूनच शिक्का मारतात!

आता अशा दाव्यांत निष्क्रिय वायूंच्या जागी हायड्रोजन आला आहे. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. जाळल्यावर त्यातून ३३ युनिट मिळतात, आणि पिस्टन इंजिनाने त्यातले चाळीस टक्के वापरले तरी हाती येतात जेमतेम तेरा. ‘पाण्यावर चालणाऱ्या’ गाडीत ही वीज बॅटरीतून येते, बॅटरी अल्टरनेटर भरतो, अल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि इंजिन पेट्रोलवर. स्टॅन्ली मायर या अमेरिकी माणसाच्या असल्याच दाव्याला ओहायो राज्यातल्या कोर्टाने १९९६ मध्ये सरळ फसवणूक ठरवून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले.

हायड्रोजनवर पिस्टन इंजिन चालत नाही, असे मात्र नव्हे. टोयोटाने २०२१ मध्ये जपानच्या फुजी ट्रॅकवर चोवीस तासांच्या शर्यतीत तशी कोरोला पळवलीच. तिला टाकी भरायला पुनःपुन्हा थांबावे लागले, आणि कंपनीने ते लपवले नाही.