पूर, विमान आणि आपले वडोदरा

२०२४ हे वर्ष आपल्या वडोदऱ्याला दोन गोष्टींसाठी लक्षात राहील. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री शहरात शिरली आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरांत पाणी आले. दोनच महिन्यांनी, २८ ऑक्टोबरला, याच शहरात सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. योजनेनुसार एकूण ५६ विमानांपैकी १६ स्पेनहून तयार यायची होती आणि ४० इथे बांधायची. एकाच शहराची ही दोन रूपे एकत्र पाहिली पाहिजेत, असे आम्हाला वाटते.

कारखाना आला की शहर आपोआप घडते, असा एक समज आहे. आपल्या शहराचा इतिहास वेगळे सांगतो. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन सुरू केले. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम तिथे शिकवले जाई. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. त्याच सुमारास आजव्याच्या तलावातून शहराला नळाचे पाणी मिळू लागले. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. १९०७ ची अलेंबिक आणि १९०८ ची बँक ऑफ बडोदा ही त्यानंतरची. अलेंबिकच्या स्थापनेत गज्जरांसोबत कोटीभास्कर हे मराठी नावही आहे. म्हणजे शाळा, पाणी आणि हातातले कसब आधी आले. उद्योग त्यावर उभा राहिला.

दुसरा टप्पा १९६५ च्या कोयली रिफायनरीचा आणि १९६९ च्या आयपीसीएलचा. या वेळी मोठा उद्योग तयार योजनेसह बाहेरून आला. त्याने हजारो घरांना स्थिर पगार दिला, नव्या वसाहती वसल्या. आपल्यातली कितीतरी कुटुंबे त्या पगारावर शिकली. पण रासायनिक सांडपाण्याचा प्रश्नही त्याच्यासोबत आला. ते पाणी समुद्राकडे नेणारा लांबलचक कालवा नंतर बांधावा लागला. आधी वाढ, मग निचऱ्याचा विचार, ही सवय तेव्हापासूनची. विश्वामित्रीच्या काठच्या कोतरांत आणि सखल जागांत बांधकामे होत गेली, त्यामागेही हीच सवय आहे. पावसाचे पाणी जिथे थांबत असे, तिथे आज घरे आहेत.

आता तिसरा टप्पा. विमानाचे काम एका गावात होत नाही. सी-२९५ चे सुटे भाग आणि मोठे घटक हैदराबादला होतात, अंतिम जोडणी आपल्याकडे. हैदराबादेत संरक्षण संशोधनाच्या संस्था अनेक दशकांपासून आहेत आणि त्यांच्याभोवती अचूक काम करणाऱ्या लहान कारखान्यांची फळी तयार झाली आहे. जोडणीचा कारखाना मिळणे मोठे आहेच. पण अशी फळी इथे उभी राहिली नाही, तर नवे ज्ञान कारखान्याच्या कुंपणातच राहील. आणि आपली मुले पदवी घेऊन पुण्या-बंगळुरूची गाडी पकडत राहतील.

म्हणून प्रश्न दोन आहेत. पहिला महापालिकेला आणि सरकारला: नव्या वसाहतींना परवानगी देताना नदीची जागा नदीला ठेवणार का? दुसरा आपल्याला स्वतःला. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या आपल्या पिढ्या दरबारी नोकरी, शिक्षकी आणि बँकेत रमल्या. आयटीआय आणि यंत्रकामाकडे आपण अजूनही दुय्यम म्हणून पाहतो. कलाभवनाच्या गावाला हे शोभत नाही. त्याच कलाभवनातून पुढे आपल्या विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा झाली.

मंडळात दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. यंदा त्याच व्यासपीठावर आयटीआय आणि डिप्लोमाची मुले-मुलीही असावीत, आणि कारखान्यांत काम केलेल्या ज्येष्ठ सभासदांनी त्यांच्याशी तासभर बोलावे, अशी आमची सूचना आहे. सभासदांनी यावर आपले मत जरूर कळवावे.