विहीर चोरीला गेलेल्या गावाचा नट

वर्धा, खास प्रतिनिधी - शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी वर्धा जिल्ह्याला जेवढे पाहुणे दाखवले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने दाखवले असतील. २००५-०६ च्या सुमारास डोरलीच्या ग्रामस्थांनी आपले गावच विक्रीला काढल्याचे जाहीर केले आणि देशभरातील पत्रकारांची पावले तिकडे वळली. २००६ च्या पावसाळ्याच्या तोंडावर तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग वायफडला येऊन गेले. पाठोपाठ १ जुलै रोजी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. मंत्री आले, समित्या आल्या, अभ्यासक आले. येणाऱ्याच्या चेहऱ्यावरून तो काय देणार आणि किती वेळ थांबणार, हे ओळखण्याची सवय या भागाला तेव्हापासून लागली आहे.

अशा भागात एक विनोदी नट मदतीची भाषा करू लागतो, तेव्हा पहिली प्रतिक्रिया अविश्वासाचीच असायला हवी. मकरंद अनासपुरे यांच्याबाबत तसे झाले नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये नाना पाटेकर आणि अनासपुरे यांनी 'नाम फाउंडेशन'ची स्थापना केली. तत्पूर्वीच विदर्भ-मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना त्यांनी प्रत्येकी १५ हजार रुपयांचे धनादेश देण्यास सुरुवात केली होती. आवाहनानंतर काही आठवड्यांतच लोकांनी काही कोटी रुपये संस्थेकडे जमा केले. पाटेकरांची प्रतिमा संतापी माणसाची. त्यांचे चिडणे लोकांना ओळखीचे होते. आश्चर्य वाटले ते अनासपुरेंचे. ज्याच्या नुसत्या हेल काढण्याने थिएटर हसते, तो माणूस मंचावर गंभीरपणे बोलत होता आणि लोक हसत नव्हते.

या आश्चर्याचे नेहमीचे स्पष्टीकरण तयार असते. नटाचे दोन चेहरे असतात, पडद्यावरचा गमत्या आणि घरातला विचारी. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी हे स्पष्टीकरण इतके वापरले आहे की ते तपासण्याची गरजच कोणाला वाटत नाही. अनासपुरे यांच्या बाबतीत ते फारसे खरे नाही.

'जाऊ तिथे खाऊ' हा २००७ चा चित्रपट आठवावा. सरकारी कागदावर खोदून पूर्ण झालेली विहीर शिवारात नाहीच. तेव्हा शेतकरी ती चोरीला गेल्याची तक्रार पोलिसांत करतो. प्रेक्षक पोट धरून हसले. पण अनुदानाच्या अर्धवट विहिरी आणि त्यांच्यावर काढलेली पूर्ण रकमेची बिले, या तक्रारी विदर्भाला नव्या नाहीत. हातात सातबारा घेऊन तलाठ्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत फिरणारा, प्रत्येकाच्या टेबलासमोर थोडे अधिक वाकणारा तो भाबडा माणूस चित्रपटात शेवटी जिंकतो, म्हणून ती विनोदी कथा ठरते. तोच माणूस हरला तर दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते. दोन वर्षांनी नागेश भोसले यांच्या 'गोष्ट छोटी डोंगराएवढी'मध्ये अनासपुरे शेतकरी आत्महत्यांच्याच विषयाकडे वळले. निळू फुले यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी तो एक. 'नाम' तेव्हा सहा वर्षे दूर होते. म्हणजे विचारी माणूस २०१५ मध्ये अचानक प्रकट झाला असे नाही. मराठवाड्यातून आलेला हा नट विनोदासाठी जे गाव वापरत होता, तेच गाव अडचणीत होते आणि त्याला ते माहीत होते.

मराठी रंगभूमीला हे तसे अपरिचित नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव प्रयोग केले ते अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे, म्हणजे निखळ विनोदी नाटकाचे. त्या हशाच्या पैशातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागले. वर्ध्याच्या वाचकाला आणखी एक भेट आठवेल. गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता सप्टेंबर १९३१ मध्ये चार्ली चॅप्लिन त्यांना भेटला. गांधीजींनी त्याचे चित्रपट पाहिले नव्हते. चॅप्लिनने मात्र थेट यंत्रांविषयीच प्रश्न विचारला. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, त्याच वर्षी यंत्रात अडकलेल्या कामगाराचा 'मॉडर्न टाइम्स' पडद्यावर आला. याचा संबंध फार ताणू नये, पण विसरूही नये.

प्रश्न आहे तो अशा मदतीला किती ओझे पेलते याचा. राज्य सरकारच्या २००५-०६ च्या निर्णयांनुसार आत्महत्याग्रस्त कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात. ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने. मात्र त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. जमीन नावावर होती काय, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते काय, तगादा होता काय, याची समिती छाननी करते. सावकाराकडून घेतलेले किंवा वडिलांच्या नावावरचे कर्ज या चौकटीत सहज बसत नाही आणि घरात मृत्यू होऊनही कागदावर 'अपात्र' असा शिक्का बसतो. खासगी संस्थेला या चौकटीचे बंधन नसते. तिचा धनादेश छोटा असला तरी दारापर्यंत पोचतो, आणि विधवेला आपल्या नवऱ्याचा मृत्यू सिद्ध करत बसावे लागत नाही. हे थोडे नाही.

'नाम'ने पुढे नाला खोलीकरण, रुंदीकरण आणि गाळ काढण्याकडे मोर्चा वळवला. येथे काम अवघड झाले. पोकलेन लावून पाणी अडवण्याच्या या पद्धतीवर जलतज्ज्ञांनी जलयुक्त शिवाराच्या काळातच आक्षेप घेतले होते. बेसुमार खोदाईने भूजलाचे थर उघडे पडतात, हा त्यातील मुख्य मुद्दा. लोकप्रिय चेहऱ्यामुळे निधी वेगाने जमतो, पण त्याच वेगामुळे तांत्रिक प्रश्न विचारणारा माणूस खोडसाळ वाटू लागतो, हेही नोंदवले पाहिजे.

आणि कापसाचा भाव या साऱ्याच्या बाहेरच राहतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल ठरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमका तोच काळ वर्ध्यातील वेचणीचा. शासकीय खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असल्याने पहिल्या वेचणीचा ओलसर कापूस केंद्रावर नाकारला जाण्याची भीती असते आणि नड असलेला शेतकरी तो व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. विहीर चोरीला गेल्याची तक्रार निदान पोलीस ठाण्यात देता येत होती. भावाची तक्रार नोंदवून घेणारे ठाणे हिंगणघाटच्या बाजारात नाही.